दारात झेंडा लागला की

इराच्या शाळेत प्रत्येक मुलाला एकेका देशाचा तक्ता करायचा होता. तिने लेसोथो निवडला, म्हणजे जिथे माझी उमेदीची वर्षं गेली तो देश. तक्त्यावरचं इंग्रजी तिने वाचून दाखवलं आणि केतकीने, माझ्या सुनेने, मला मराठीत सांगितलं. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातलं छोटं राज्य. समुद्र नाही. डोंगराळ. राजा आहे. लोक गरीब. लोकर, पाणी आणि कपडे बाहेर पाठवतात.

"आजी, इज दॅट ऑल राइट?" इराने विचारलं.

मी होकाराची मान हलवली. मला पटकन बोलणं जमत नाही, घरातसुद्धा. पण "कपडे बाहेर पाठवतात" या तीन शब्दांत मी आहे, हे मनातून जाईना.

इथलं, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं मराठी मंडळ दिवाळी अंक काढतं. केतकी म्हणाली, "आई, तुम्ही लिहा ना तुमच्या कामाबद्दल." मी "बघू" म्हटलं. देणार नाहीच. पण कोणीतरी वाचणार आहे असं धरून लिहिलं की वाक्यं सरळ येतात, म्हणून तसंच लिहिते.

मागच्या वर्षी पाडव्याच्या सुमारास माझं शिवणाचं मशीन विकायचं ठरलं होतं. ती हकिगत सांगायची तर आधी त्या छोट्या राज्यातला माझा पहिला पाडवा सांगायला हवा.

शिवणाऱ्या बाईला लेसोथो समजायला सोपा आहे. शर्टाला खिसा लावतात तो तीन बाजूंनी शिवतात आणि वरून उघडा ठेवतात. लेसोथो हा चारी बाजूंनी शिवलेला खिसा आहे. चहूकडे एकच मोठा देश. बाहेर पडायचं तर त्याच्याच अंगावरून जायचं. आफ्रिका म्हटल्यावर लोकांना उकाडा आठवतो. पण त्या देशातली सगळ्यात खालची जमीनसुद्धा आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंच. थंडीत बर्फ पडतो. पुरुष जाड घोंगडी पांघरून घोड्यावर बसतात, आणि घोंगडीवरचे पट्टे उभेच आले पाहिजेत. आडवे आले तर म्हातारी माणसं रस्त्यात थांबवून नीट करायला लावतात. मी सोलापूरची. आमच्याकडे नळाला पाणी आलं की गल्लीत आरडाओरडा व्हायचा. हे लोक शेजारच्या देशाला पाणी विकतात, हे ऐकून मी आमच्या ह्यांना दोनदा विचारलं होतं, "पाणीच ना?"

आमचे हे मशीन फिटर. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघंही होतो. मी चौथीनंतर शाळा सोडली ती घरी गणवेशाला बटणं लावायला, आणि पुढे मशीनवर बसले. ह्यांना लेसोथोत जीनच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आनंद चार वर्षांचा होता. नदीकाठच्या एका गावात आम्हाला ओळीतली एक खोली मिळाली. पुलापलीकडे दुसरा देश. ह्यांना कारखाना होता. मला कोणीच नव्हतं, आणि मी होते लाजाळू. नळावर बायका "लुमेला, म्मे" म्हणायच्या, म्हणजे नमस्कार बाई. मी पदर तोंडाला लावून परत यायचे.

पाडवा आला. तिथे ऋतू उलटे. आपल्याकडे चैत्रपालवी, तिथे पानगळ. कडुनिंब नाही, आंबा नाही. शेजारच्या पीचच्या झाडाची डहाळी मागून आणली. हे रविवार असूनही मशीनं दुरुस्त करायला कारखान्यात गेले होते. मी एकटीने काठी धुतली, माझ्या लग्नातली पिवळी साडी निऱ्या करून बांधली, वर पितळेचा तांब्या उपडा घातला, हळदकुंकू वाहिलं आणि गुढी दारात उभी केली. आत येऊन पुऱ्या लाटायला बसले.

थोड्या वेळाने बाहेर खोकल्याचा आवाज. पाहते तर एक म्हातारबुवा, खांद्यावर घोंगडी, पायात गमबूट, पायरीवर बसलेले. त्यांनी घोंगडीखालून पत्र्याचा मग काढला आणि शांतपणे समोर ठेवला. मला वाटलं, सणाचा दिवस, पाणी मागत असतील. मी मग भरून पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला, मगात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि राहिलेलं पाणी गुढीच्या पायाशी ओतून मग पुन्हा पुढे केला.

तोवर आणखी दोघे आले. त्यांच्यामागे एक बाई. सगळ्यांकडे आपापली भांडी. पायरी भरली म्हणून ते भिंतीला टेकून बसले. एकाने गाणं धरलं. मला वाटलं, या देशातही पाडवा असतो आणि पहिल्या दिवशी नव्या बिऱ्हाडाकडे यायची रीत आहे. मी सगळ्यांना पुरी आणि श्रीखंड वाढलं. त्यांच्याकडच्या आंबट दुधाचा चक्का बांधला होता. म्हातारबुवांनी बोटाने चाखलं, डोळे मिटले, परत चाखलं, आणि दुसऱ्याला काहीतरी सांगितलं. वाद सुरू झाला. एकजण वर तांब्याकडे बोट दाखवून तावातावाने बोलत होता.

हे परत आले तेव्हा दारात सात-आठ माणसं बसलेली, एकजण गातोय आणि बायको चुलीपाशी घामाघूम.

"अगं, काय चाललंय?"

"तुमच्या ओळखीचे नाहीत का?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली लिनेओ बाहेर आली. ती ह्यांच्याच कारखान्यात होती. तिने गुढी पाहिली, माणसं पाहिली, आणि भिंत धरून हसत खालीच बसली. ती ह्यांना इंग्रजीत सांगायची आणि हे मला मराठीत. त्या देशात घरी काही विकायला असलं की दारात काठीला फडकं बांधतात. हिरवं म्हणजे भाजी, लाल म्हणजे मटण. पिवळं म्हणजे घरची बियर तयार आहे, या.

"आणि तो काय भांडतोय?" ह्यांनी विचारलं.

"तो म्हणतोय, भांडं उपडं आहे म्हणजे बियर संपली. मग झेंडा कशाला ठेवला? ही फसवणूक आहे."

"आणि म्हातारे?"

"ते म्हणतायत, बियर घट्ट झाली आहे, चढत नाही, पण असली मी जन्मात प्यायलो नाही. थांबा जरा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लिनेओने हसणं आवरलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं. ते वाक्य ह्यांनी मला मराठीत सांगितलं आणि ते मी कधी विसरले नाही.

"बाई, दारात झेंडा लागला की आत काहीतरी हवं. तुझ्याकडे काय आहे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या ब्लाउजची काजं तिला दाखवली. हाताने केलेली होती. तिने जवळून पाहिली, नखाने ओढून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला कारखान्यात घेऊन गेली.

जीन कशी शिवतात हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. एक बाई एक जीन शिवत नाही. एकीने खिसा लावायचा, दुसरीने चेन, तिसरीने पायाची आतली शिलाई, आणि कपडा हातोहात पुढे सरकत जायचा. याला लाइन म्हणतात. मी कमरपट्टा लावायचे. लाइनमध्ये एक हात अडला की त्याच्यामागे ढीग आणि त्याच्यापुढे रिकामे हात. मग सुपरवायझर ओरडतो. पण आमच्या लाइनवर ओरडणं फार कमी झालं, कारण बायका गायच्या. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. "सुई, कुठे चाललीस?" "डोंगरापलीकडे." "काय घेऊन चाललीस?" आणि उत्तरात त्या दिवशी जे सुचेल ते. सुपरवायझरच्या पोटाचं मापसुद्धा त्यात यायचं. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखं. गाण्याच्या ठेक्याला हात बांधलेले, म्हणून कोणी मागे राहायचं नाही.

आणखी एक गोष्ट इराच्या तक्त्यावर नाही. तिथे मुलगे लहानपणी गुरांमागे जातात, म्हणून शाळेत मुलींची संख्या जास्त. माझ्या लाइनवरच्या बहुतेक बायका माझ्याहून शिकलेल्या. मला इंग्रजी अक्षरं लिनेओने जेवणाच्या सुट्टीत शिकवली, कापडावर खडूने. पुसायला हात फिरवला की झालं.

त्यांच्यात लग्न होऊन आलेल्या मुलीला नवं नाव देतात. आपल्याकडे तांदळात लिहितात तसं. लाइनमध्ये मी नवी म्हणून मलाही दिलं. मुलाचं नाव काय? आनंद. म्हणजे काय? ह्यांनी सांगितलं, आनंद म्हणजे खुशी. "मग थाबो," लिनेओ म्हणाली. त्यांच्या भाषेत खुशीला थाबो म्हणतात. थाबोची आई म्हणून मी माथाबो. मजूर म्हणून, शिवणारी म्हणून माझं नाव तेच. सुमन हे नाव फक्त पासपोर्टवर राहिलं.

आनंद शाळा सुटली की गेटबाहेर कणसं भाजणाऱ्या बाईपाशी बसायचा. आमच्या खिडक्या उघड्या असायच्या.

पुढे कारखाना बंद पडला. बायका गेटपाशी उभ्या होत्या आणि कोणी गात नव्हतं, एवढंच सांगते. मशीनं विकायला काढली तेव्हा ह्यांनी माझं मशीन विकत घेतलं. त्याची प्रत्येक कुरकुर त्यांच्या ओळखीची होती. आनंद नदीपलीकडच्या देशात इंजिनिअर झाला, पुण्याच्या केतकीशी लग्न केलं आणि न्यूझीलंडला आला. हे गेल्यावर मीही आले. सामानाबरोबर मशीन जहाजाने आलं. माझ्या डोक्यावरच्या लेसोथोच्या गवती टोपीची विमानतळावर इतकी तपासणी झाली, की तेवढी माझीही झाली नाही.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आनंदचं घर छान आहे. मशीन गॅरेजमध्ये गाडीशेजारी बसलं. मी घरातले पडदे केले, इराचे फ्रॉक केले, आणि मग करायला काही उरलं नाही. बाजारातल्या एका अल्टरेशनच्या दुकानात केतकी मला घेऊन गेली होती. मालकिणीने चांगुलपणाने दोन-तीन प्रश्न विचारले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिने शिवायला काही दिलंच नाही. कारण तिथे गिऱ्हाइकाशी बोलणं हेच अर्धं काम होतं.

केतकी घरून काम करते. जेवणाच्या टेबलावर बसून तिच्या मीटिंगा चालत आणि मागे माझा कुकर शिट्ट्या मारी. ती कधी बोलली नाही, पण अडचण खरी होती. एका रविवारी आनंद म्हणाला, "आई, गॅरेजमध्ये केतकीला खोली करून देऊ या. बिल्डर जुलैच्या विंटर हॉलिडेजमध्ये मोकळा आहे. तोवर मशीनला कोणी मिळतं का बघतो."

"विकायचं?"

"तू आता कशाला शिवतेस? आयुष्यभर केलंस. आराम कर ना."

तो प्रेमानेच म्हणाला. मी कुकर लावायला उठले.

त्यानंतर आठवड्याने पाडवा होता. इथेही पानगळीत येतो. तीच पिवळी साडी, तोच तांब्या. गुढी दारात उभी करून मी मागे सरले, आणि कमरेवर हात ठेवलेली लिनेओ डोळ्यांसमोर उभी राहिली. तुझ्याकडे काय आहे?

ज्याला बोलता येत नाही त्याने झेंडा लावावा. एवढी साधी गोष्ट मला इतक्या दिवसांत कशी सुचली नाही?

मी निळ्या कापडाचा झेंडा शिवला. त्यावर खाकी कापडाची पँट लावली. एक पाय लांब, दोरे लोंबणारा, आणि दुसरा आखूड, नीट दुमडून शिवलेला. अक्षर एकही नाही. संध्याकाळी गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच काठीवर तो झेंडा पत्रपेटीशेजारी लावला.

"आई, इथे असं चालत नाही गं," आनंद म्हणाला. "लोक ऑनलाइन टाकतात. शेजारी काय म्हणतील?"

"राहू दे रे," केतकी म्हणाली. "क्यूट आहे."

शेजारी काय म्हणतील हे लवकरच कळलं. कोणी आलं नाही. वारा आला, पाऊस आला. एका दुपारी बेल वाजली. दारात शेजारचे ट्रेव्हर. वय झालेले, पूर्वी गाई होत्या, आता नुसते गमबूट उरलेत. अंगात चेक्सचा जाड लोकरी शर्ट. हातात माझा झेंडा, व्यवस्थित घडी केलेला.

"तुमची धुतलेली पँट भिजत होती," ते म्हणाले. "आत आणून दिली."

मला हसू आलं आणि रडूही. इंग्रजीत काय सांगू? मी झेंडा उलगडला, त्यावरच्या आखूड पायावर बोट ठेवलं, मग स्वतःवर ठेवलं. त्यांना कळेना. मग माझं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. कोपर फाटलेलं होतं. मी फाटक्या जागेवर बोट ठेवलं आणि हात पुढे केला, द्या म्हणून.

त्यांनी शर्ट काढून दिला. मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं, खुर्ची दिली आणि मशीन सुरू केलं. आतून ठिगळ, वरून रफू, चेक्सची रेघ रेघेला जुळवून. ट्रेव्हर बनियनवर बसून पाहत होते. शर्ट हातात घेऊन त्यांनी कोपर शोधलं. सापडेना. दुसऱ्या बाहीचं पाहिलं. परत पहिल्या कोपराकडे आले.

"गुड ऑन या," ते म्हणाले, म्हणजे शाबास. मग, "नाव काय?"

तोंडातून निघून गेलं, "माथाबो."

"माटाबो," ते म्हणाले. "स्वीट अ‍ॅज." म्हणजे झकास. आणि जाताना झेंडा स्वतःच्या हाताने परत काठीला बांधून गेले.

ट्रेव्हरना ओळखत नाही असं माणूस आमच्या भागात नाही. डेअरीवाल्यापासून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापासून, ते हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या क्लबपर्यंत त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. पण दारात लोक येऊ लागले. त्यांना काही विचारावं लागत नसे, मलाही नाही. फाटलं ते दाखवायचं, कुठपर्यंत हवं तिथे बोट ठेवायचं. एका बाईने पोहायचे टॉग्ज आणले, एकाने कुत्र्याचा रेनकोट. एका मोठ्या धिप्पाड मुलाने रग्बीची शॉर्ट चारदा आणली, चारही वेळा त्याच जागी फाटलेली. पाचव्यांदा मी आतून जीनचं कापड लावलं. मग तो आला नाही. कारागिराचं हेच दुःख आहे, चांगलं काम केलं की गिऱ्हाईक जातं. या मुलाने आपल्या भावाला पाठवलं, म्हणून चाललं.

झेंड्याचा फोटो मी लिनेओला पाठवला. कारखाना सुटल्यापासून ती घरी भाजी विकते, तिच्या दारात हिरवा झेंडा असतो. फोनवर तिचा आवाजी निरोप आला, "माथाबो, तुझ्या आत काहीतरी आहे हे मला माहीत होतं. आता शेजाऱ्यांनाही कळलं." मागे तिच्या कोंबड्या ओरडत होत्या.

पण आनंदचं ठरलेलं ठरलेलंच होतं. ही चार-दोन कामं म्हणजे आईचा विरंगुळा, असं त्याला वाटे. मशीनला एक गिऱ्हाईक मिळालं होतं. सोफ्याच्या गाद्या शिवणारा एक माणूस सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी दुपारी बघायला येणार होता, सोमवारी बिल्डर. शुक्रवारी मी मशीनला तेल दिलं. परक्याकडे जाताना ते स्वच्छ असावं.

शनिवारी सकाळी ट्रेव्हरची ट्रेलर लावलेली गाडी आमच्या दारात आली. बरोबर त्यांची मुलगी हॅना. ती इराच्या शाळेत शिकवते. तिचा चेहरा पांढरा पडलेला. त्या संध्याकाळी शाळेत मातारिकीचा, म्हणजे इथल्या माओरी नववर्षाचा कार्यक्रम होता. कापा हाका, म्हणजे माओरी नाचगाणं करणाऱ्या मुलांसाठी काळे बिनबाह्यांचे अंगरखे शिवून मागवले होते, छातीवर लाल-पांढरी नक्षी. खोकी त्या सकाळी आली आणि उघडून पाहतात तर सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे.

हॅनाने एक अंगरखा इराला घातला. खांद्यावरून तो गुडघ्यापर्यंत घसरला. इरा म्हणाली, "आजी, इट्स हीप्स बिग."

हॅना माझ्याकडे बघून काही बोलत होती. केतकी सांगायला लागली, पण मला कळलं होतं. मी खोकी पाहिली. एक बाई, एक मशीन. संध्याकाळपर्यंत होणारं काम नव्हतं. नाही म्हणायला मान हलवायची, तेवढं मला येतं.

पण मी अंगरखा उलटा केला आणि शिलाई पाहिली. दोन्ही कडा, दोन्ही खांदे. नक्षीला हात लावायची गरज नाही. चार कामं. उसवणं, रेघ मारणं, कापणं, शिवणं, म्हणजे चार माणसं, आणि पुढेमागे दोन. म्हणजे लाइन.

मी आनंदला मराठीत सांगितलं, "गाडी बाहेर काढ."

गॅरेजमध्ये टेबलं लावली. केतकी आणि इरा कडा उसवायच्या. हॅना मुलांच्या यादीऐवजी मुलांनाच आठवून माप घ्यायची, खडूने रेघ मारायची. आनंद रेघेवर कापायचा. मी शिवायचे. ट्रेव्हर दोरे कापून घडी घालायचे. हॅनाने एकच गोष्ट सांगितली, हे कपडे जमिनीवर ठेवायचे नाहीत आणि ओलांडायचे नाहीत. ते मला सांगावं लागलं नसतं. आमच्याकडेही नव्या कपड्याला पाय लावत नाहीत.

पहिला तास वाईट गेला. केतकीपाशी ढीग, आनंद रिकामा. मग आनंदपाशी ढीग, मी रिकामी. हॅना धावत मध्येच येऊन विचारायची, केतकी उत्तर द्यायला थांबायची, सगळी लाइन थांबायची. मला दिसत होतं काय चुकतंय. ठेका नव्हता. पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? मराठीतही मला सांगता आलं नसतं.

म्हणून मी ओळ टाकली. मशीनवर मान खाली घालून, तिथल्या भाषेत. "सुई, कुठे चाललीस?"

सगळ्यांचे हात थांबले. माझे कान तापले. कोणीच उत्तर देईना. उत्तर नसलं की ते गाणं फार उघडं पडतं. मी दुसरी शिलाई घेतली आणि पुन्हा तीच ओळ टाकली.

मागून, कात्रीच्या आवाजातून, जाड पुरुषी आवाजात उत्तर आलं. "डोंगरापलीकडे."

आनंद. त्याने मान वर केली नव्हती. कणसं भाजणाऱ्या बाईपाशी बसून त्याने सगळी लाइन ऐकली होती आणि इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

"काय घेऊन चाललीस?" मी विचारलं.

"मोठ्यांचे कपडे, छोट्यांसाठी," तो म्हणाला, त्याच भाषेत, आणि हसला.

मग ट्रेव्हरनी ठेका धरला, टेबलावर कात्रीच्या मुठीने. इरा दोन फेऱ्यांत उत्तर शिकली. मुलं शिकतात. केतकीचे हात ठेक्याला लागले, हॅनाचे लागले. कपडा डावीकडून येऊ लागला आणि उजवीकडे जाऊ लागला, कुठे ढीग नाही, कुठे रिकामा हात नाही. मी कितीतरी वर्षांनी मान वर न करता शिवत होते आणि मला माहीत होतं की माझ्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत.

दुपारी एक गाडी थांबली. मशीन बघायला आलेला माणूस. तो गॅरेजच्या तोंडाशी उभा राहून बघतच राहिला. कोणी थांबलं नाही. ट्रेव्हरनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसरी कात्री पुढे केली. "दोरे काप, मित्रा."

त्याने थोडा वेळ खरंच दोरे कापले. हात सफाईदार होता. मग आनंदजवळ जाऊन मशीनकडे बोट दाखवून विचारलं. मी पाय उचलला नाही, पण कान तिकडे होते.

आनंदने हातातला कपडा पूर्ण कापला. माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "सॉरी. इट्स नॉट फॉर सेल. माय मदर इज युजिंग इट."

एवढंच. आणि लगेच पुढची ओळ स्वतः टाकली.

केतकी उसवता उसवता म्हणाली, "आनंद, मला अर्धं गॅरेज पुरे. मध्ये भिंत घाल जाड. गाडी राहू दे बाहेर, तिला काय थंडी वाजतेय?"

ऊन भिंतीवरून उतरायच्या आत शेवटचा अंगरखा घडीत गेला.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. मी लेसोथोचं घोंगडं पांघरलं होतं, पट्टे उभे. मुलं आली. पायांनी जमीन हादरवत, हात वर फेकत. हात वर गेले की शिलाईची परीक्षा होते. मी एकेका काखेकडे बघत होते. एकही टाका सुटला नाही. टाळ्या मुलांना होत्या. मी माझ्या वाटच्या घेतल्या.

हे असते तर म्हणाले असते, बॉबिन बदललीस किती वेळा? तेवढं विचारणारं कोणी नव्हतं.

आता गॅरेजमध्ये जाड भिंत आहे. पलीकडे केतकी बोलते, अलीकडे मी शिवते. हॅनाने सांगितलं म्हणून आणखी दोन शाळांची कामं येतात. मंडळातल्या दोन बायका दुपारच्या मदतीला येतात आणि येतानाच गाण्यात काय घालायचं ते ठरवून येतात. आनंदने मशीनवर नवा दिवा लावून दिला.

यंदाच्या पाडव्याला पत्रपेटीशी निळा झेंडा आणि दारात गुढी, दोन्ही होतं. सकाळीच बाहेर खोकल्याचा आवाज आला. ट्रेव्हर पायरीवर बसले होते. जुनी गोष्ट केतकीने त्यांना केव्हातरी सांगितली होती. त्यांनी शर्टाखालून एक मग काढला आणि शांतपणे समोर ठेवला. त्यांच्यामागे फाटकाशी हॅना आणि दोन अनोळखी बायका, हातांत पिशव्या, पिशव्यांतून बाह्या लोंबत होत्या.

"माटाबो, पिवळा लागलाय," ट्रेव्हर म्हणाले. मग वर तांब्याकडे बघून मान हलवली. "पण भांडं उपडं आहे. संपली वाटतं?"

मी दार पूर्ण उघडलं. फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "कम इन. आत आहे."